स्लीव्ह काचते म्हणून कपाटात ठेवली, आता दुसरी कशी निवडू?

पत्र:

"ताई, दोन वर्षांपूर्वी माझं डाव्या बाजूचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशन झालं. मागच्या वर्षी हाताला सूज यायला लागली, लिम्फेडीमा आहे म्हणाले आणि कॉम्प्रेशन स्लीव्ह, म्हणजे हाताला दाब देणारी घट्ट बाही, घालायला सांगितली. मी माझ्या अंदाजाने मीडियम मागवली. ती कोपराच्या घडीत इतकी काचते की संध्याकाळी लाल वळ असतो, वरची कड गुंडाळत खाली येते आणि पंजा फुगतो, अंगठी निघता निघत नाही. मी शाळेत शिकवते आणि त्यात डावखुरी, फळ्यावर लिहायला हात वर केला की संपलंच. शेवटी काढली, तीन आठवडे झाले कपाटात पडून आहे. घरचे म्हणतात तू आळस करतेस. खरंच माझा दोष आहे का? दुसरी घ्यायची तर कशी निवडू? आणि हे आता आयुष्यभर का?"

बाई (शाळेत शिकवता म्हणून बाईच म्हणते), तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचा दोष नाहीये. ज्या स्लीव्हने पंजा फुगतो ती काढायलाच हवी होती, घरच्यांना हवं तर हे वाचून दाखवा. काळजी वाटतेय ती त्यानंतरच्या तीन आठवड्यांची, कारण लिम्फेडीमाचा हात नुसता मोकळा राहिला की सूज हळूहळू वाढते आणि जुनी झाली की आतून घट्ट होत जाते, मऊ आहे तोवर उतरवणं खूप सोपं असतं. म्हणून आता हे पुढे ढकलू नका.

मी स्वतः अकरा वर्षं उजव्या हाताला स्लीव्ह घालते. माझी पहिली स्लीव्ह पण चुकीचीच होती. दंडाला एका जागी टेप लावली, मनगट कोपर काही बघितलंच नाही, आणि पाकीट हातात दिलं. मी आठ महिने ती सहन केली, मला वाटायचं उपचार म्हटला की त्रास होणारच, आणि त्या आठ महिन्यांत पंजा जो सुजला तो उतरवायला नंतर किती आठवडे बँडेज बांधून बसावं लागलं ते माझं मला माहीत. त्यामुळे स्लीव्ह काचते असं कुणी म्हटलं की "होईल सवय" हे माझ्या तोंडून निघत नाही. सवय होते ती घट्टपणाची. घट्टपणा म्हणजे कुणीतरी आख्खा हात नीट धरून ठेवलाय असं वाटतं, सगळीकडे सारखं, आणि दोन-चार दिवसांनी ते बरंच वाटायला लागतं. काचणं म्हणजे एकाच रेषेवर दोरी बांधल्यासारखं, वळ उठतो, आणि त्याची सवय करून घ्यायची नसते.

पंजा का फुगला ते आधी समजून घ्या म्हणजे निवडताना काय बघायचं ते कळेल. हातातलं लिम्फ म्हणजे पेशींच्या मधलं प्रोटीन असलेलं पाणी, ते बारीक बारीक नळ्यांतून वर काखेकडे जातं आणि तिथल्या गाठींमधून पुढे परत रक्तात मिसळतं. गाठी काढल्या, त्यात रेडिएशनने तिथला भाग कडक झाला, की तो रस्ता अरुंद होतो आणि पाणी मागे साठतं. चांगली स्लीव्ह मनगटाला जास्त आणि वर दंडाकडे कमी कमी असा दाब देते, म्हणून पाण्याला वर सरकायला मदत होते. तुमच्या हाताला मात्र बरोबर उलटं झालं. कापड कोपरात गोळा झालं, एकावर एक घडी पडली की तिथला दाब जवळपास दुप्पट होतो, वरची कड गुंडाळली तिथेही तेच, म्हणजे एकाच हातावर दोन बांध घातले गेले आणि पाणी निघालं खाली, जिथे कापडच नाही तिथे, पंज्यात. ती अंगठी आता काढून ठेवा हो, निघतेय तोवर, डाव्या हातात सध्या काहीच नको.

आता लगेच दुसरी मागवू नका. पंज्यावर नाहीतर मनगटाच्या वर अंगठ्याने दहा सेकंद दाबून बघा, खड्डा पडून तसाच राहिला तर आत पाणी आहे, आणि अशा फुगलेल्या हाताचं माप घेऊन स्लीव्ह शिवली तर हात उतरल्यावर ती सैल होणार. स्लीव्हचं मुख्य काम उतरलेला हात तसाच टिकवून ठेवायचं. उतरवायचं काम बँडेजचं, म्हणजे कमी ताणाच्या पट्ट्यांचे थरावर थर, त्याबरोबर लिम्फ ड्रेनेज म्हणजे पाणी वर सरकवणारा हलक्या हाताचा मसाज, व्यायाम आणि त्वचेची काळजी, बऱ्याच जणींना यात दोन ते चार आठवडे जातात. हे लिम्फेडीमाचं ट्रेनिंग घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या, जिथे ऑपरेशन झालं तिथे विचारलंत तर बहुतेक पत्ता मिळेल. सूज थोडीच असेल तर ते बँडेज न करता थेट स्लीव्हवर पण नेतात, तो निर्णय हात बघून होतो. आणि एक, सूज अचानक वाढली असेल, दुखत असेल, किंवा काखेत, मानेजवळ काही नवीन गाठ लागत असेल तर स्लीव्हचा विषय बाजूला ठेवून आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी किंवा आजार परत आलाय का हे तपासायला हवं असतं, आणि हे मी घाबरवायला सांगत नाहीये, तपासून घेतलं की डोक्यातून जातं म्हणून सांगतेय.

माप सकाळी द्यायचं, कारण रात्रभर झोपून हात सगळ्यात कमी सुजलेला असतो. टेप मनगटाला, मनगट आणि कोपर यांच्या मधल्या जाड भागाला, कोपराला, दंडाच्या मध्याला आणि काखेजवळ लागली पाहिजे, आणि शिवाय लांबी, मनगटापासून काखेपर्यंत आतल्या बाजूने. लांबी बहुतेक वेळा राहूनच जाते! तुमची तक्रार वाचून मला पहिला संशय लांबीवरच आला, कोपरात गोळा होणं आणि वरून गुंडाळणं दोन्ही स्लीव्ह लांब झाली की होतं, वर दंडाला घेर कमी पडला तरी कड गुंडाळते. मीडियम हा शब्द तर विसरूनच जा, प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, एकीची मीडियम ती दुसरीची लार्ज. सगळी मापं तक्त्याच्या एकाच रांगेत बसली तर तयार स्लीव्ह चालेल. मनगट स्मॉलमध्ये आणि दंड लार्जमध्ये जात असेल तर मधलं काहीतरी घेऊन भागत नाही, मापाने बनवूनच घ्यावी लागते.

आणि आता वीण. माझ्या मते आरामाचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो आणि हेच कुणी समजावून सांगत नाही. एक असते गोल विणीची, मोज्यासारखी नळी, शिवण नाही, पातळ, दिसायला छान, बाहीखाली लपते. ती सगळीकडे तेवढ्याच टाक्यांची असते, फक्त टाके लहानमोठे करून आणि धाग्याचा ताण बदलून आकार देतात, म्हणून हाताचा आकार फार बदललेला नसेल आणि सूज कमी असेल तर ती चांगली. पण ती ताणते खूप आणि ताणणारं कापड वळीत, घडीत घुसतं. दुसरी सपाट विणीची, ती आधी सपाट विणतात, विणताना टाके वाढवत कमी करत तुमच्या मापाला आणतात आणि मग शिवण मारतात, त्यामुळे कुठल्याही आकाराच्या हाताला बसते. हात लावून बघितली तर जाड, खरखरीत, कडक, बायका बघूनच नको म्हणतात, मी पण म्हटलं होतं. पण तो कडकपणाच कामाला येतो. ती घडीत शिरत नाही, वरून सरळ जाते, आणि आतला स्नायू हलला की तिच्यावर आपटतो, त्याने पाणी ढकललं जातं. माझी पहिली सपाट विणीची स्लीव्ह घातली त्या दिवशी संध्याकाळी काढून आरशासमोर हात धरला, कोपरावर रेघ नव्हती, फक्त विणीची बारीक जाळी सगळ्या हातावर सारखी उमटलेली. तशी जाळी दिसली की समजायचं माप बरोबर आहे. तुम्हाला घडीत काचतंय आणि पंजा पण सुजतोय, तर थेरपिस्टला सपाट विणीबद्दल नक्की विचारा.

दाब किती हे थेरपिस्टच ठरवेल पण ऐकताना गोंधळू नका. तो बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि क्लास 1, 2, 3 असे भाग करतात. घोळ असा की हे क्लास सगळीकडे सारखे नाहीत, जर्मन पद्धतीत क्लास 2 म्हणजे 23 ते 32 आणि ब्रिटिश पद्धतीत 18 ते 24, म्हणून ऑनलाइन मागवताना नुसता क्लास बघू नका, आकडा बघा. हाताला बहुतेकींना क्लास 1 किंवा 2 पुरतो. जास्त दाबाची घेतली तर लवकर बरं वाटेल असं नसतं, कमी दाबाची रोज दिवसभर घातली जाते ती कपाटातल्या जास्त दाबाच्या स्लीव्हपेक्षा कितीतरी उपयोगी.

पंजा सुजतोय म्हणजे नुसत्या स्लीव्हवर तुमचं भागणार नाही. बोटं ठीक असतील आणि फक्त तळहात, पंज्याची पाठ सुजत असेल तर बिनबोटांचा हातमोजा, त्याला गॉन्टलेट म्हणतात, आणि बोटंही सुजत असतील तर बोटांचा ग्लोव्ह, टोकं उघडी असलेला. स्लीव्हला जोडलेला एकसंध मिळतो आणि वेगळा पण मिळतो. जोडलेल्यात मनगटावर दोन थर येत नाहीत हा फायदा, पण तुम्हाला दिवसभर खडू, प्रत्येक तासानंतर हात धुणं, मला वाटतं तुमच्यासाठी वेगळाच बरा, काढून हात धुऊन, पुसून लगेच परत घालता येईल. फक्त मनगटावर दोन्ही एकमेकांवर किती चढतात ते मापाच्या वेळी दाखवून घ्या, तिथे जाड पट्टा झाला तर परत तोच बांध.

वरच्या कडेला घसरू नये म्हणून आतून सिलिकॉनची पट्टी असते, काहींना तिने पुरळ उठतं, खाज येते, रेडिएशन झालेल्या बाजूची त्वचा तर अजूनच नाजूक. पूर्ण पट्टीऐवजी ठिपक्यांची मिळते, सिलिकॉनशिवाय नुसती विणलेली मिळते, खांद्यावरून पट्टा जाणारी पण असते. हात सतत वर करणाऱ्यांना खांद्याचा पट्टा खूप सोयीचा, स्लीव्ह खाली येतच नाही, पण तो ऑपरेशनच्या व्रणावर घासत नाही ना ते घालूनच बघावं लागतं. कोपरासाठी सपाट विणीत थोडा वाकलेला आकार करून देतात आणि आतून मऊ अस्तर लावून देतात, मागितल्याशिवाय बहुतेक कुणी सुचवत नाही म्हणून तुम्हीच मागा.

आणि ट्रायलला गेलात की नुसतं हात सरळ सोडून उभं राहू नका. भिंतीवर खरोखर लिहिल्यासारखं करा, पाच-दहा मिनिटं, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. केस विंचरल्यासारखं करा, पर्स उचला, कोपर वीस वेळा वाकवा. मग नखं दाबून सोडा, पांढरं झालेलं नख दोन सेकंदात परत गुलाबी व्हायला हवं. मुंग्या, बधिरपणा, बोटं गार किंवा निळसर, दुखणं, यातलं काहीही झालं तर ती स्लीव्ह नको, तिथेच परत मापं घ्यायला लावा. लाजू नका, ती रोज तुम्हालाच घालायचीय. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी दोन-तीन तास घाला, मग वाढवत दिवसभरावर न्या, आणि हे सगळं सुट्टीच्या दिवसापासून सुरू करा म्हणजे वर्गात उभं राहून पहिली परीक्षा द्यायला नको.

घालायची पद्धत चुकली तर चांगली स्लीव्हपण काचते. सकाळी उठल्यावर, हात पूर्ण कोरडा, क्रीम लावायचं ते रात्री, सकाळी लावलं तर कापड सरकत नाही आणि इलास्टिकपण खराब होतं. स्लीव्ह अर्धी उलटी करून आधी मनगटावर नीट बसवायची आणि मग वर थोडी थोडी सरकवत न्यायची. वरची कड धरून ओढायची नाही, ओढलं की कापड सगळं वर ताणलं जातं आणि दाबाचं गणित बिघडतं. भांडी घासायचे रबरी हातमोजे दुसऱ्या हातात घालून तळव्याने चोळत वर न्या, पकड येते, नखं लागत नाहीत, माझ्याकडे एक जोडी खास त्यासाठीच आहे. लांब झाली तर वर दुमडायची नाही, कधीच नाही. एका हाताने चढवणं जमतच नसेल, बोटांत ताकद नसेल तर वेल्क्रोच्या पट्ट्यांचं रॅप मिळतं, पट्टे ओढून दाब कमी जास्त करता येतो, ज्यांची सूज रोज वरखाली होते त्यांनाही ते बरं पडतं.

दोन स्लीव्ह घ्या, एक अंगावर एक धुवायला. घामाने, त्वचेच्या तेलाने इलास्टिक मरतं म्हणून रोज किंवा एक दिवसाआड धुवा, कोमट पाणी, साधा सौम्य साबण, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत आडवी पसरून वाळवायची. रोज वापरली तर साधारण सहा महिन्यांत दाब कमी होतो, एकदम सहज चढायला लागली की समजायचं हिचे दिवस भरले. घरातलं कुणी "अजून चांगली दिसतेय की" म्हणेल, दिसण्याचा काही संबंध नाही. नवीन घेताना मापं परत, जुन्या आकड्यांवर मागवायची नाही. उकाड्यात स्लीव्हवर साध्या पाण्याचा स्प्रे मारा, सुकता सुकता हात थंड होतो. रात्री दिवसाची स्लीव्ह काढायची, रात्रीसाठी फोमची मऊ वेगळी असते, ती लागेल की नाही ते थेरपिस्ट सांगेल.

डायबिटीसने हाताला बधिरपणा असेल, हृदयाचा त्रास असेल, हाताच्या रक्तवाहिन्यांचं काही असेल तर माप द्यायच्या आधी सांगा, तिथे दाबाचा विचार वेगळा होतो. आणि हात लाल झाला, गरम लागतोय, ताप थंडी, तर स्लीव्ह काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, उद्या बघू म्हणायचं नाही. ते इन्फेक्शन असतं, अँटिबायोटिक लागतं आणि सुजलेल्या हातात ते भराभर पसरतं. म्हणूनच साधं खरचटलं तरी धुऊन औषध लावा, त्वचा कोरडी पडू देऊ नका, खडूने तर पडतेच.

फळ्यावर लिहिणं सोडायची गरज नाही. स्लीव्ह नीट बसली तर हात हलणं चांगलंच, स्नायू पंपासारखं काम करतो. पूर्वी अशा हाताने जड काही उचलू नका म्हणायचे, पण 2009 मध्ये लिम्फेडीमा असलेल्या 141 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्यांनी हळूहळू वजन वाढवत आठवड्यातून दोनदा व्यायाम केला, करताना स्लीव्ह घालून, आणि हाताची सूज त्यामुळे वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. तुम्ही एका दमात आख्खा फळा भरू नका एवढंच, चार ओळी लिहून हात खाली, मूठ आठ-दहा वेळा उघडमिट, मग परत.

राहिला आयुष्यभरचा प्रश्न. खोटं सांगणार नाही, एकदा सुरू झालेला लिम्फेडीमा बहुतेकींना सांभाळतच राहावा लागतो, आणि मला पण हे ऐकलं तेव्हा रडू आलं होतं. पण तुमची सूज अजून नवी आहे, अशा वेळी नीट धरलं तर हात खूप उतरतो, आणि नंतर स्लीव्ह किती वेळ घालायची हे हात कसा राहतो त्यावर ठरतं, काहींना थेरपिस्ट तास कमी करून देतात. ते मनाने ठरवायचं नाही, मोजून ठरवायचं. आजपासूनच सुरू करा: दर रविवारी सकाळी उठल्या उठल्या, दोन्ही हात, पंजा, मनगट, मनगटाच्या वर दहा सेंटिमीटर आणि कोपराच्या वर दहा सेंटिमीटर, टेप फार न आवळता, वहीत तारीख घालून. थेरपिस्टकडे जाताना ती वही घेऊन जा आणि ती जुनी स्लीव्हपण न्या, काचलेली जागा दाखवायला. चार रविवारांचे आकडे झाले की मलाही पाठवा, मी वाट बघतेय.